भैरीच्या कड्यावरची खरपुडी

बिरूनं डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरून तो उभा राहिला.

"सायेब, मास्तरांचा हाय. खांद्यालाच अडकल्याला हुता. पोलीस म्हनले, कॉलेजात नेऊन दे."

हिरव्या रंगाचा पत्र्याचा डबा, एका बाजूनं पार चेपलेला. आम्ही वनस्पतिशास्त्राची माणसं रानात जाताना असा डबा खांद्याला लावतो. आत ओलं फडकं घातलं की उपटलेलं रोप दोन दिवस टवटवीत राहतं.

"आणखी काही होतं जवळ?"

"दोरी हुती. निम्मी कड्याला ऱ्हायली, निम्मी त्यांच्या कमरंला."

बिरू धनगर. भैरीच्या कड्याच्या पायथ्याला त्याची मेंढरं चरायची. रविवारी सकाळी एकटाच कड्यावर गेलेला माझा सहकारी रघुनाथ चौगुले सोमवारी सकाळी त्यालाच सापडला. घोंगडीची झोळी करून त्यानं आणि त्याच्या भावांनी रघूला दोन कोस चालत डांबरी रस्त्यापर्यंत आणला. सरकारी दवाखान्यात जाऊन, चेहऱ्यावरची चादर बाजूला करून, "होय, हाच" असं सांगून मी नुकताच कॉलेजात परतलो होतो. गणपती बुडवून चार दिवस झाले होते. साल शहाऐंशी. रघू चौतीस वर्षांचा होता, मीही तेवढाच.

झाकण चेपल्यामुळं उघडेना. चाकूनं उचकटावं लागलं. आत फडकं अजून ओलं होतं. ते उलगडलं तर वीतभर उंचीचं एक रोप, खाली सुपारीएवढा कंद, आणि वर दोन फुलं. कंदिलाच्या काचेसारखी फुगीर, पांढरट हिरवी, गळ्याशी जांभळी झाक असलेली.

बिरू मान पुढं काढून बघत होता.

"ही व्हय?" तो म्हणाला. "ही तर खरपुडी. रानभर हाय की. आमची पोरं कंद खात्यात हिचं. हिच्यासाठी मास्तर कड्याला लटाकलं?"

"तू जा आता, बिरू."

तो गेला. मी दार लोटून घेतलं आणि भिंग ओढलं.

इथं थोडं खुलासेवार सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या डोंगरात दोन खरपुड्या. कूळ दोघींचं एकच, रुईचं. प्रजातीही एकच. फुलं इतकी सारखी की विद्यार्थी हमखास फसतात. पण जाती दोन. एक वेली खरपुडी. कुठल्याही झुडपाचा आधार घेऊन ती चढते, बांधाबांधावर सापडते. तिला कसला म्हणून धोका नाही. दुसरी उभी खरपुडी. ती आधार घेत नाही, वीतभर वाढून ताठ उभी राहते. शंभर वर्षांपूर्वी कुणा इंग्रज अधिकाऱ्यानं तिचं वर्णन लिहून ठेवलं, त्यानंतर ती कुणाच्या नजरेलाच पडली नाही. रघूला आणि मला शिकवणाऱ्या सरांना ती वाघजाईच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, जेमतेम चार एकरांच्या तुकड्यात सापडली. दोन-अडीचशे रोपं. सगळ्या जगात तेवढीच. खात्रीनं फरक सांगायचा तर फूल उभं चिरून आतला मुकुट बघावा लागतो. वेलीच्या मुकुटाच्या पाकळ्या आकड्यासारख्या वाकलेल्या आणि गुळगुळीत असतात. उभीच्या सरळ असतात, टोकाला जांभळी लव असते.

ही उभी खरपुडी आणखी कुठंतरी असलीच पाहिजे, या एका हट्टापायी रघू सहा वर्षं डोंगर तुडवत होता. "श्री, एकाच सड्यावर जीव ठेवून बसलीय बिचारी," तो मला म्हणायचा. "उद्या तिथं कुणी नांगर घातला की संपली."

मी ब्लेडनं एक फूल चिरलं. सुईनं उलगडून भिंगाखाली धरलं.

पाकळ्या वाकलेल्या होत्या. लव नव्हती.

बिरूचं बरोबर होतं.

पंधराव्या दिवशी शालनवहिनी प्रयोगशाळेत आल्या. रघूची बायको. शेजारच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवायच्या. एकोणतीस-तीस वर्षांच्या असतील. कपाळ मोकळं, हातात शाळेचीच कापडी पिशवी. मी स्टूल पुढं केलं, पण त्या बसल्या नाहीत.

"भावजी, एक विचारायला आले. विचारू का?"

"विचारा की, वहिनी."

"बिरू आला होता दहाव्याला. लई रडला. म्हणाला, मास्तर साध्या खरपुडीपायी गेलं." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "ती तर आमच्या शाळेच्या मागंसुद्धा उगवते. मधल्या सुट्टीत पोरं उकरून खातात. मला काय त्यातलं कळत नाही. हे सहा वर्षं जिच्या मागं होते, ती ही, का ती साधी? एवढंच सांगा."

मी टेबलावरचं भिंग बाजूला सरकवलं.

"जे असेल ते सांगा. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?"

खिडकीच्या कट्ट्यावर दाबयंत्र होतं. रघूचं रोप त्यात टिपकागदांच्या मध्ये सुकत होतं. त्या तिकडंच बघत होत्या.

"बिरूला काय कळतं त्यातलं, वहिनी," मी म्हणालो. "मी फूल चिरून पाहिलंय. ती उभी खरपुडी आहे. रघूनं शोधली."

त्यांनी टेबलाची कड धरली. डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग ठीक आहे." आणि लगेच, "म्हणजे ठीक कसलं. पण... ठीक आहे."

जाताना दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "नाव लागेल ना त्यांचं?"

"लागेल."

आणि मी लावलं. जाड कागदावर रोप शिवलं. खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवली : उभी खरपुडी, भैरीचा कडा, शोधणारा र. बा. चौगुले. हिवाळ्यात एका नियतकालिकाला दोन पानांचं टिपण पाठवलं, त्याच्याच नावानं. उभ्या खरपुडीचं दुसरं ठिकाण. ते छापून आलं. त्याची प्रत वहिनींनी चौकट करून शाळेत लावली. दरवर्षी श्रावणात त्या फळ्यावर रंगीत खडूनं ते फूल काढायच्या आणि मुलांना सांगायच्या की या फुलासाठी एक माणूस कड्यावर चढला होता. एका वर्षी मला पाहुणा म्हणून बोलावलं. मी गेलो, नारळ घेतला, चार शब्द बोललो. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

अशी चौदा वर्षं गेली.

दोन हजार साली मृणाल देवस्थळी माझ्याकडं आली. माझीच विद्यार्थिनी, आता डॉक्टरेट मिळवलेली. राज्यातल्या दुर्मीळ वनस्पतींची लाल यादी करण्याच्या कामावर होती. वाघजाईच्या सड्यावर बॉक्साइटची खाण काढायचा प्रस्ताव आला होता आणि परवानगी देणाऱ्या समितीनं तिच्याकडून अहवाल मागवला होता. तिनं माझ्यासमोर तक्ता पसरला. डाव्या बाजूला वेली, उजव्या बाजूला उभी. कूळ, प्रजाती, जाती, किती ठिकाणी, किती रोपं, धोका कसला. वेलीच्या खाली तिनं 'धोका नाही' असं लिहून टाकलं होतं. उभीच्या खालचा रकाना कोरा होता.

"एकच ठिकाण असतं तर डोळे झाकून अतिसंकटग्रस्त लिहिलं असतं, सर," ती म्हणाली. "मग खाणीचा प्रश्नच मिटला असता. पण चौगुले सरांची ही भैरीच्या कड्याची नोंद आहे. राखीव जंगल, सरळसोट कडा, तिथं कोण जातंय? म्हणजे एक जागा कायमची सुरक्षित. एक पायरी खाली आणावी लागेल. संकटग्रस्त."

"एका पायरीनं काय होतं?"

"समितीला तेवढी फट पुरते, सर."

तिनं कपाटातून रघूचा कागद काढून टेबलावर ठेवला, बराच वेळ वाकून पाहिला.

"मुकुट पाहिला होता ना तुम्ही?"

"हो."

"हे दुसरं फूल शाबूत आहे. गरम पाण्यात भिजवून एकदा बघू का? पाच मिनिटांचं काम."

"मृणाल," मी म्हणालो, "रघूच्या हातचा शेवटचा नमुना आहे तो."

तिनं चटकन हात मागं घेतला. "सॉरी, सर. माझ्या लक्षातच आलं नाही." आणि रकान्यात लिहिलं : संकटग्रस्त.

मी तिला चहा पाजला, एसटीपर्यंत सोडलं. बस हलली तेव्हा ती खिडकीतून हात करत होती. हाक मारून थांबवता आली असती.

समितीनं खाणीला परवानगी दिली. सुरक्षित पर्यायी ठिकाण उपलब्ध असल्यामुळे, असं कारण लिहिलं होतं. सड्यावरची रोपं हलवायची अट घातली होती. पुढच्या उन्हाळ्यात दीडशे कंद खणून रोपवाटिकेत लावले. सड्याच्या दगडात बोटभर माती, त्यावर चार महिने धुकं आणि पाऊस, अशा जागी वाढणारी ती. रोपवाटिकेच्या काळ्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात सगळे कंद कुजले. तोवर सड्याचा बराचसा वरचा थर यंत्रांनी खरवडून नेला होता.

"काही हरकत नाही, सर," मृणाल फोनवर म्हणाली. आवाज घाबरलेला होता. "कड्यावरची आहेत अजून. गिर्यारोहक पोरांना घेऊन जाते. बी आणू, तिथून परत सुरुवात करू."

आठ दिवसांनी ती प्रयोगशाळेत आली. चपला दाराशी काढायच्या विसरली. लाल चिखल फरशीवर उमटत गेला.

"सर, कड्यावर सगळी वेलीच आहे. एकूण एक. तिथं चढायला झुडूप नाही आणि वारा भयंकर, म्हणून खुरटून उभी राहते. लांबून बघणाऱ्याला वाटतं उभीच आहे. आम्ही बावीस फुलं चिरली." ती कपाटाकडं वळली. "मला तो कागद बघायचाय."

"राहू दे. तीही वेलीच आहे."

तिला आधी कळलंच नाही मी काय म्हणतोय ते.

"तेव्हाच कळलं होतं मला. शालनवहिनी विचारायला आल्या होत्या, गं. तीस वर्षांची बाई. नवरा साध्या गवतापायी गेला असं कसं सांगायचं तिला?"

मृणाल खाली बसली. बराच वेळ आपल्या चिखलाच्या पायांकडं बघत राहिली.

"मी इथं तक्ता घेऊन बसले होते, सर," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा तर शालनवहिनी नव्हत्या ना इथं?"

आम्ही दोघं चार दिवस सड्यावर हिंडलो. जो भाग अजून खणायचा होता तो वीतवीत तपासला, गुडघ्यांवर रांगून. वेलीची अकरा रोपं मिळाली. उभीचं एकही नाही. चौथ्या दिवशी दुपारी मृणालनं वही मिटली आणि ती न बोलता जीपमध्ये जाऊन बसली.

आता खुलासा छापून येणार होता. वहिनींना तो वर्तमानपत्रातून कळू नये म्हणून मी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. त्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या. रविवार होता. सोप्यात बसून तांदूळ निवडत होत्या. मला पाहून हसल्या, आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

मी सगळं सांगितलं. मृणालला सांगितलं होतं तसंच. रोप साधंच होतं, तुमच्याकडं बघून माझ्यानं खरं बोलवलं नाही, त्यातून पुढं हे असं झालं. त्या ऐकत होत्या. सूप मांडीवर तसंच.

"म्हणजे माझ्यासाठी खोटं बोललात," त्या म्हणाल्या.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी त्या दिवशी रडून घ्यायच्या तयारीनंच आले होते, भावजी. बिरू खोटं बोलणारा माणूस नव्हे. तुम्ही साधी म्हणाला असता तर मी रडले असते आणि घरी गेले असते. दुसरं काय करणार होते?" मग त्या म्हणाल्या, "पंधरा वर्षं पोरांना सांगत आले. किती पोरं झाली असतील."

सुपातला एक खडा त्यांनी बाजूला टाकला.

"एक सांगा. त्या कड्यावर ती आहे, हे यांना कळलं कुठनं? खालून तर कड्याकडं बघितलं तर काळा दगड दिसतो नुसता."

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. पोलिसांनी नाही, मृणालनं नाही. आणि इथवर सांगत आलो त्यात तुम्हालाही मी ही गोष्ट सांगितलेली नाही.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली.

"आदल्या आठवड्यात मी खालून दुर्बिणीतून पाहिलं होतं. ताठ उभी रोपं, पांढरी फुलं. मी रघूला म्हणालो, तुझी उभी खरपुडी सापडली, माझी शंभर टक्के खात्री आहे. तो म्हणाला, चल, दोघं जाऊ. मी म्हणालो, मला पेपर तपासायचेत. पेपर नव्हते, वहिनी. मला कड्याची भीती वाटायची. ते त्याला सांगायची लाज वाटली."

सोप्यावरच्या पत्र्यावर कुठंतरी चिमणी उड्या मारत होती.

"म्हणजे चुकलात तुम्ही," वहिनी सावकाश म्हणाल्या, "आणि ते झाकलंत माझ्या नावाखाली."

"होय."

"यांना कळलं असेल का? वर पोचल्यावर?"

इथं थांबता आलं असतं. माहीत नाही म्हणालो असतो तर कुणीही मला खोटं ठरवू शकलं नसतं.

"कळलं होतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"डब्यात चिठ्ठी होती. फडक्यात गुंडाळलेली. कड्यावरच बसून लिहिलेली असणार. क्रमांक, तारीख, आणि खाली दोन ओळी. साधीच निघाली, वाऱ्यानं खुरटलीय. श्रीला दाखवून त्याची खोड मोडायची."

वहिनींचा चेहरा बदलला. त्या हसताहेत की काय असं क्षणभर मला वाटलं.

"खोड मोडायची," त्या पुटपुटल्या. "असंच लिहिलं होतं?"

"असंच."

"पेन्सिलीनं?"

"हो."

"म्हणजे चिडले नव्हते. वैतागलेही नव्हते. चांगले असताना लिहिलंय." त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. पदराला हात पुसले, नीट, बोटाबोटांमधून पुसले, आणि उजवा हात माझ्यापुढं धरला. "द्या."

मी हललो नाही.

"द्या ना, भावजी. आणलीय ना?"

"जाळली."

त्यांना ऐकू गेलं नसावं. हात तसाच होता.

"त्याच दिवशी. बिरू गेल्यावर. स्पिरिटच्या दिव्यावर धरली."

तो हात किती वेळ तसा होता, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी तो जवळ घेतला, दुसऱ्या हातात धरला, एखाद्या भाजलेल्या माणसानं धरावा तसा. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडं पाहिलंही नाही.

"तुम्ही जावा आता," त्या म्हणाल्या.

मी उठून चपला घातल्या. फाटकापाशी पोचलो तरी सूप खालीच होतं आणि त्या तशाच बसलेल्या होत्या. त्यानंतर त्यांनी मला बोलावलं नाही. मला आपणहून जायचा धीर झाला नाही. त्या वारल्याचं मला वर्षभरानं, तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

खुलासा छापला. समितीनं काम थांबवण्याचा आदेश काढला, तो खणायचं काम पुरं झाल्यावर पोचला. नव्या यादीत उभ्या खरपुडीपुढं 'निसर्गातून नष्ट झाल्याची शक्यता' असं आलं.

एक काम उरलं होतं. जुन्या नमुन्याची ओळख चुकली असेल तर मूळ चिठ्ठी फाडत नाहीत. तिच्या वर दुरुस्तीची नवी चिठ्ठी लावतात आणि बरोबर ओळख कुणी, कधी पटवली ते लिहितात. मृणाल शेजारी उभी होती. मी लिहिलं : वेली खरपुडी. ओळख पटवणारा, र. बा. चौगुले. सप्टेंबर १९८६.

मृणालनं ते वाचलं.

"सर, चौगुले सरांनी ओळखलं होतं, याला पुरावा काय? नोंदवहीत काहीतरी लिहावं लागेल."

"होता," मी म्हणालो.